ट्रॅक्टरसाठी बिडाच्या वजनांचा संच: काळ्या रानात वापरल्यानंतरचे परीक्षण

परभणीच्या मोंढ्याजवळील सुट्या भागांच्या एका दुकानातून आमच्या टू-व्हील ड्राइव्ह, पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरसाठी बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) वजनांचा संच घेतला आणि उन्हाळी नांगरटीपासून उसाच्या हंगामापर्यंत तो वापरून पाहिला. संचात मागच्या चाकांच्या डिस्कवर आवळायची प्रत्येकी ४५ किलोची चार कडी, पुढे बंपरवर अडकवायच्या प्रत्येकी २५ किलोच्या चार पाट्या, पाट्या धरणारा लोखंडी ब्रॅकेट आणि नट-बोल्ट एवढे सामान येते. त्यावर कोणत्याही ट्रॅक्टर कंपनीचा शिक्का नाही. माल स्थानिक फाउंड्रीत ओतलेला असून किलोच्या भावाने विकला जातो. माझे मत आधीच सांगतो. मागची कडी निःशंक घ्यावीत, पुढच्या पाट्या कशासाठी हव्यात हे ठरवल्याशिवाय घेऊ नयेत आणि सोबतचा ब्रॅकेट दुकानातच ठेवून यावा.

वजन कशासाठी लावायचे, असे दुकानदाराला विचारले तर ‘पकड वाढते’ एवढे उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण त्याच्यावर विसंबून खरेदी केली तर निम्मे पैसे चुकीच्या जागी जातात. इंजिनात कितीही ताकद असली तरी ती जमिनीपर्यंत पोहोचते ती फक्त चालत्या चाकांवर पडणाऱ्या भारातून. रेल्वेच्या इंजिनांत ही गोष्ट फार स्वच्छ दिसते. मनमाड-नांदेड मार्गाचे विद्युतीकरण झाल्यापासून आपल्याकडेही विजेची इंजिने सर्रास दिसू लागली आहेत. मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूएजी-९ या इंजिनाचे मूळ वजन १२३ टन होते. पुढे त्याच जातीच्या इंजिनात मुद्दाम जादा भार घालून ते १३२ टनांवर नेले गेले आणि त्या प्रकाराला डब्ल्यूएजी-९एच असे नाव मिळाले. सहाही आसांना मोटर असल्यामुळे प्रत्येक आसावरचा भार साडेवीस टनांवरून बावीस टनांवर गेला आणि अवजड मालगाडी जागेवरून हलवताना चाके घसरण्याचे प्रमाण कमी झाले. गाडी वजनदार करण्यासाठी कोणी पैसे खर्च करील हे ऐकायला विचित्र वाटते, पण पोलादी रुळावर पोलादी चाक असताना ओढीची कमाल मर्यादा भार आणि घर्षण यांच्या गुणाकारावरच ठरते. घर्षण पावसाच्या आणि धुळीच्या हातात असते, म्हणून माणसाच्या हातात भार उरतो. चाकापुढे वाळू सोडण्याची सोय असते, ती घर्षणासाठीच.

ट्रॅक्टरला हाच हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, आणि या संचाबद्दल जे काही बरेवाईट मत झाले आहे ते नेमके तिथून सुरू होते. रूळ दबत नाही, माती दबते आणि तुटते. टायरची गुटी, म्हणजे टायरवरचे उंच रबरी दात, मातीत रुतते, तिच्यामागची माती दाबली जाते आणि मातीची ताकद संपली की चाक जागेवर फिरू लागते. मातीची ही ताकद दोन गोष्टींतून येते. एक म्हणजे कणांचे एकमेकांवर होणारे घर्षण, जे वरचा भार वाढला की वाढते. दुसरी म्हणजे मातीचा चिकटपणा, ज्याला भाराशी काही देणेघेणे नसते आणि जो टायर किती जागेवर टेकला आहे यावर अवलंबून असतो. वाळूत पहिलीचे राज्य असते, ओल्या चिकणमातीत दुसरीचे. आपले काळे रान वाफशावर किंवा त्याहून कोरडे असते तेव्हा त्यात दोन्ही ताकदी काम करतात, म्हणून मागच्या चाकावरचे वजन तिथे उपयोगी पडते. पण पाऊस होऊन गेल्यावर रान ओलेकिच्च असताना कणांमधले घर्षण जवळजवळ संपलेले असते आणि तेव्हा चाकावर कितीही बीड लादले तरी ट्रॅक्टर फक्त अधिक खोल रुततो.

हे आम्ही पडताळून पाहिले. पद्धत सोपी आहे आणि कोणालाही करता येते. टायरच्या बाजूला चुन्याची खूण करायची, अवजार उचलून ठेवून चाकाच्या दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते टेपने मोजायचे, मग त्याच पट्ट्याशेजारी नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या मोजायच्या. मोकळ्या ट्रॅक्टरने चाळीस मीटर अंतर कापले आणि नांगरासह तो बत्तीसच मीटर गेला, तर घसर, म्हणजे चाक फुकट फिरण्याचे प्रमाण, वीस टक्के. टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला शेतात साधारण आठ ते पंधरा टक्के घसर योग्य मानतात. जमीन घट्ट असेल तर खालचा आकडा, भुसभुशीत असेल तर वरचा. त्याहून जास्त घसर म्हणजे डिझेल आणि टायर दोन्ही मातीत घालणे. घसर अगदीच कमी आली तर आनंद मानू नये, कारण गरजेपेक्षा जास्त वजन घेऊन ट्रॅक्टर फिरतो आहे असा त्याचा अर्थ होतो आणि ते वजन ओढायलाही डिझेलच लागते.

तुरीच्या मोकळ्या झालेल्या रानात दोन फाळी पलटी नांगराने उन्हाळी नांगरट करताना, वजनाशिवाय आमची घसर वीस टक्क्यांच्या आसपास येत होती. मागची चार कडी लावल्यावर ती पंधरा-सोळावर आली. हा फरक ड्रायव्हरला सीटवर बसल्या बसल्या कळतो. इंजिनाचा आवाज एकसारखा राहतो आणि तासाच्या मध्येच नांगर वर घ्यावा लागत नाही. जून महिन्यातल्या मोठ्या पावसानंतर घाईने घातलेल्या पाळीच्या वेळी मात्र कडी असणे आणि नसणे यांत मोजण्याइतकाही फरक आढळला नाही. त्या दिवशी उपयोग झाला तो मागच्या टायरची हवा ट्रॉलीच्या कामासाठी वाढवलेली होती ती शेतकामाच्या पातळीवर उतरवण्याचा, कारण त्यामुळे टायर जास्त जागेवर टेकला. खरे तर त्या दिवशी रानात जायलाच नको होते.

मागच्या कड्यांचा आणखी एक गुण लिहिण्यासारखा आहे. ही वजने चाकाच्या डिस्कवर बसतात, त्यामुळे त्यांचा भार आसाच्या बेअरिंगवर न येता चाकातून थेट जमिनीवर जातो. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या मडगार्डवर काळे दगड, वाळूची पोती किंवा जुन्या रुळाचे तुकडे बांधण्याची पद्धत आहे. तो सगळा भार आधी हाउसिंगवर आणि बेअरिंगवर येतो, शिवाय तो उंचावर असतो. दगडाची दुसरी अडचण जागेची. शंभर किलो काळ्या पाषाणाला साधारण पस्तीस लिटरएवढी जागा लागते, तेवढेच बीड चौदा लिटरच्या जागेत मावते. शर्यतीच्या गाड्यांत तर याहून पुढची मजल आहे. तिथे टंगस्टन वापरतात, ज्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून थोडी अधिक असते, म्हणजे शंभर किलो वजन पाच-साडेपाच लिटरच्या जागेत बसते.

शर्यतीच्या गाडीचा विषय केवळ गंमत म्हणून काढलेला नाही. फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींमध्ये चालकासह आणि इंधनाशिवाय गाडीचे किमान वजन नियमाने ठरलेले असते; २०२४ मध्ये ते ७९८ किलो होते. संघांना शक्य झाले तर ते गाडी या मर्यादेपेक्षा हलकी बांधतात आणि उरलेली तूट टंगस्टनने भरून काढतात. वजन शेवटी तेवढेच होणार असेल तर हा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर असे की गाडीच्या अंगभूत वजनाची जागा बदलता येत नाही, पण वरून घातलेल्या वजनाची जागा आपण ठरवू शकतो. ते तळाशी घालता येते, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली येतो. नियमांच्या चौकटीत ते पुढे-मागे सरकवून टायरवरचा भार जुळवता येतो. चालक सडपातळ असेल तर त्याचाही लाभ संघ उठवत असत, म्हणून २०१९ मध्ये चालक आणि आसन मिळून किमान ८० किलो भरले पाहिजेत आणि कमी पडणारे वजन आसनाजवळच ठेवले पाहिजे असा नियम आला. थोडक्यात, तिथे वजनाच्या आकड्याइतकीच त्याच्या जागेची राखण केली जाते. आपल्या बाजारात जागेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि पुढच्या पाट्यांच्या बाबतीत त्याचीच किंमत मोजावी लागते.

बहुतेक जण हा संच विकत घेतात तो पुढच्या पाट्यांसाठी. पाट्या रुबाबदार दिसतात आणि दुकानदारही त्याच आधी दाखवतो. नांगरटीत ओढ वाढावी म्हणून त्या लावणार असाल तर एक साधा हिशेब करावा. दोन आसांमधले अंतर दोन मीटर आणि पाट्या पुढच्या आसाच्या साठ सेंटिमीटर पुढे लटकलेल्या असतील, तर शंभर किलोच्या पाट्या पुढच्या आसावर एकशे तीस किलो भार टाकतात आणि मागच्या आसावरून तीस किलो उचलून घेतात. ट्रॅक्टर मागच्या चाकांनी ओढणारा असेल तर ही सरळसरळ वजाबाकी आहे. आमच्या संचाच्या भाषेत, मागे लावलेल्या एकशे ऐंशी किलोंपैकी तीस किलो पुढच्या पाट्यांनी खाऊन टाकले. रेल्वेच्या सहा मोटरींच्या इंजिनाला ही अडचण येत नाही, कारण तिथे प्रत्येक आस ओढणारा असतो आणि भार सगळ्या आसांवर सारखा पसरला म्हणजे काम भागते. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरलाही पुढचे वजन ओढीसाठी उपयोगी पडते. आपल्या भागात अजून चालतात ते बहुसंख्य ट्रॅक्टर मात्र टू-व्हील ड्राइव्हचेच आहेत.

मग पाट्या निरुपयोगी आहेत का, तर तसेही नाही. त्यांचे काम वेगळे आहे. ट्रॅक्टरच्या एकूण वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहिला नाही तर स्टिअरिंग हातात राहत नाही. जड रोटाव्हेटर किंवा पलटी नांगर लिफ्टवर उचलून बांध ओलांडताना, किंवा दोन चाकी ट्रॉलीत ऊस भरून ओढ्याच्या चढावर गिअर टाकताना पुढची चाके हलकी होतात, आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उलटा होऊन ड्रायव्हर खाली सापडल्याच्या घटना आपल्या भागाला नव्या नाहीत. तिथे या पाट्या असल्याच पाहिजेत. दोन चाकी ट्रॉलीचा काही भार हुकावरून ट्रॅक्टरच्या मागच्या आसावर आपोआप येतो, त्यामुळे तिच्यासाठी मागची कडी काढून पुढच्या पाट्या ठेवाव्यात. चार चाकी ट्रॉलीचे उलट आहे. तिचा भार तिच्याच चाकांवर असतो आणि ट्रॅक्टरला नुसते ओढायचे असते, म्हणून तिथे मागची कडी हवीत. डबल ट्रॉली लावून कारखान्याची वाट धरणाऱ्यांना हे अनुभवाने माहीत असते, पण वजने काढण्या-घालण्याचा कंटाळा सगळ्यांनाच असतो. हुकाची उंची वाढवून ओढ वाढवण्याचा जो प्रकार काही जण करतात तो मात्र पाट्या असोत वा नसोत, जीवघेणा आहे.

वजने काढता-घालता येणे हा या संचाचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा आहे आणि टायरात पाणी भरण्याशी तुलना केल्यावर तो नीट कळतो. पाण्याचा मार्ग स्वस्त आहे यात वाद नाही. मागच्या टायरात व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून सुमारे पाऊण भागापर्यंत पाणी भरले तर टायरच्या मापानुसार प्रत्येक चाकावर दीडशे-दोनशे किलो आणि मोठ्या टायरमध्ये त्याहून अधिक भार सहज चढतो. थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात क्षार मिसळावे लागतात, तो प्रश्न मराठवाड्यात नाही. पण एकदा भरलेले पाणी कोणी काढत नाही. नांगरट संपते, पुढे पेरणी, कोळपणी, फवारणी, मळणीयंत्र अशी हलकी कामे येतात आणि ट्रॅक्टर वर्षभर तीन-चारशे किलो पाणी विनाकारण वाहत राहतो. पंक्चर झाले की दुकानदार आधी पाण्याचे नाव काढून कपाळाला हात लावतो. टायरातली हवेची जागा कमी झाल्यामुळे तो कडक होतो आणि खडकाळ वाटेवर सगळे दणके सीटपर्यंत येतात. पाण्याने वजन भरण्याची युक्ती शर्यतीतही होऊन गेली आहे. १९८४ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या टिरेल संघाच्या गाड्या बराच वेळ हलक्या धावत आणि शर्यत संपत आली की टाकीत पाण्यासोबत शिशाचे छर्रे भरून घेत, म्हणजे शेवटी काट्यावर वजन बरोबर भरे. प्रकरण उघडकीस आल्यावर त्या संपूर्ण हंगामातून संघाला बाद केले गेले. आपल्याला बाद करणारे कोणी नाही, डिझेलचे बिल तेवढे येते.

आता मालाच्या दर्जाकडे. कड्यांचे ओतकाम बरे आहे. एका कड्याच्या आतल्या बाजूला बुडबुड्याचे भोक दिसले, पण ते बोल्टच्या छिद्रापासून दूर आहे. ओतताना कडेला राहिलेले धारदार पार घासलेले नव्हते, त्यामुळे पहिल्यांदा उचलताना हातमोजे हवेत. रंग नावापुरता आहे आणि एका पावसाळ्यात गंज दिसू लागला. बिडाला त्याने काही होत नाही. छिद्रे आमच्या डिस्कशी जुळली, पण सर्व कंपन्यांच्या डिस्क सारख्या नसतात, तेव्हा जुने कडे किंवा कागदावर काढलेला नमुना सोबत नेल्याशिवाय व्यवहार करू नये. सोबतचे बोल्ट बदलावेत. आम्ही ८.८ या मजबूत ग्रेडचे बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घातले आणि पहिल्या काही तासांच्या कामानंतर पुन्हा आवळले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नट थोडा फिरला. फॉर्म्युला वनच्या नियमांत वजन हत्याराशिवाय काढता येणार नाही असेच बसवले पाहिजे अशी अट आहे; पंचेचाळीस किलोचे कडे फिरत्या चाकावरून सुटल्यास काय होईल याची कल्पना केली तर ती अट आपल्यालाही लागू करावीशी वाटते. कडे बसवायला दोन माणसे लागतात आणि पायात बूट असले पाहिजेत.

पाट्यांच्या बाबतीत एक तक्रार आहे. भुसार मालाच्या काट्यावर त्या एकेक करून मोजल्या तेव्हा एकही पंचवीस किलो भरली नाही आणि सर्वांत हलकी साडेतेवीस भरली. फॉर्म्युला वनच्या बेल्जियममधल्या २०२४ च्या शर्यतीत जॉर्ज रसेल हा चालक पहिला आला होता, आणि शर्यतीनंतर त्याची गाडी नेमकी दीड किलोने हलकी भरल्यामुळे त्याचे विजेतेपद काढून घेतले गेले. शेतात दीड किलोने काही बिघडत नाही हे खरे, पण भाव किलोवर लावलेला असताना पाटीवर ओतलेला आकडा धरून पैसे घेणे योग्य नव्हे. दुकानदाराने दुसऱ्या फेरीत पैसे वळते करून दिले, तेही कुरकुर करत. कड्यांची वजने मात्र बरोबर निघाली. ब्रॅकेटची पट्टी पातळ आहे आणि पाट्या फक्त आकड्यावर टेकतात. आडवी खिळ बसवायची सोयच नाही. कच्च्या वाटेवर पाट्या खडखडत राहिल्या आणि एका बाजूची पट्टी वाकली. शेवटी गावातल्या वेल्डरकडून जाड चॅनेलचा ब्रॅकेट करून त्यात आरपार दांडी घातली.

किती वजन लावावे याचे उत्तर प्रथम ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत शोधावे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात आणि त्यांच्या अहवालांत जादा वजनासह व वजनाशिवाय ओढ किती भरली याचे आकडे दिलेले असतात. विक्रेत्याकडे आपल्या मॉडेलचा अहवाल मागता येतो. पुस्तिकेतली मर्यादा ओलांडली तर आस आणि गिअरपेटीवर ताण येतो आणि जमिनीचेही नुकसान होते. रुंद टायर लावला किंवा हवा कमी केली तर वरच्या थराचे दबणे कमी होते, पण खोलवरचे दबणे आसावरच्या एकूण भारावर ठरते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे ती स्वतःला बरीच सावरून घेते, तरी नांगराच्या तळाखाली एकदा घट्ट थर बसला की पाणी मुरत नाही आणि तुरीची मुळे आडवी वाढू लागतात. नांगरट झाली की त्याच संध्याकाळी कडी उतरवावीत, असे मी म्हणतो ते यासाठी.

ज्यांच्याकडे पलटी नांगर किंवा चार चाकी ट्रॉली आहे त्यांनी मागची चार कडी घ्यावीत आणि पाट्यांचे पैसे तूर्त राखून ठेवावेत. दोन चाकी ट्रॉलीवर ऊस वाहणाऱ्यांनी पाट्या आधी घ्याव्यात आणि ब्रॅकेट वेल्डरकडूनच करून घ्यावा. ज्यांचे वर्षभराचे काम मुख्यतः रोटाव्हेटरचे आहे त्यांना मागच्या वजनाची फारशी गरज नाही, कारण रोटाव्हेटर पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या फिरत्या दांड्यावर, फिरतो आणि त्याची पाती ट्रॅक्टरला उलट पुढे ढकलतात. अवजार जड असून उचलताना पुढची चाके हलकी होत असतील तर दोन पाट्या पुरतात. टायरची गुटी निम्म्याहून अधिक झिजलेली असेल, तर हा संच घेण्याआधी टायर बदलावेत.